१९व्या शतकातली व्यक्तिचित्रं आणि खेड्यातल्या जगण्याची चित्रं पाहताना नेमकं काय पाहायचं?

तुमचं म्हणणं असं की ही चित्रं तुम्हाला सगळी एकसारखीच वाटतात आणि लोक त्यांच्यासमोर इतका वेळ काय बघतात ते कळत नाही. मी एकाच चित्रकाराबद्दल सांगतो, कारण मला त्याच्यामुळेच बघता यायला लागलं: फ्रान्सचा ज्याँ-फ्रान्स्वा मिले.

मिले १८१४ साली नॉर्मंडीतल्या ग्रुशी या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पोरवयात शेतात राबला. पण चित्रकार म्हणून सुरुवातीला पोट भरलं ते शेर्बुर्गमधल्या लोकांची व्यक्तिचित्रं काढून. पहिली बायको पोलीन हिचीही त्याने चित्रं काढली. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, तोच ती क्षयाने गेली. आधी ही चित्रं बघा, म्हणजे चेहऱ्यावर त्याचा हात किती बसला होता ते कळेल.

मग त्याचं १८५७चं चित्र उघडा. इंग्रजीत ते 'द ग्लीनर्स' म्हणून ओळखलं जातं. त्यातल्या कामाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सरवा वेचणं. कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं गोरगरिबांनी वेचायची. माझी आजी ज्वारीचा सरवा वेचायला जायची, म्हणून मी या चित्रापाशी थांबलो.

तीन बायका आहेत आणि एकीचाही चेहरा धड दिसत नाही. चेहरे रंगवून जगलेल्या माणसाने इथे चेहरेच सावलीत ठेवलेत! मग माणूस ओळखायचा कशावरून? पाठीवरून आणि हातांवरून. निळा रुमाल बांधलेली डावीकडची बाई बघा. एक हात जमिनीकडे गेलाय, दुसरा मागे कमरेवर टेकलाय आणि त्याच मुठीत वेचलेल्या काड्या धरल्यात. दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाचा हात असाच आपोआप कमरेवर जातो. आजीचाही जायचा. माझ्या लेखी ते त्या बाईचं व्यक्तिचित्रच आहे.

आता नजर वर न्या. वाकलेल्या दोघी क्षितिजाच्या खालीच राहतात, माती त्यांना सोडत नाही. लांब उन्हात मोठाल्या गंजी, भरलेली गाडी, कामकऱ्यांची लगबग, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. सगळं पीक तिकडे, इकडे चार काड्या. पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा फ्रान्समध्ये राजाला हटवणाऱ्या १८४८च्या क्रांतीला नऊच वर्षं झाली होती. गरिबांना एवढ्या भारदस्तपणे रंगवलेलं पाहून बऱ्याच सधन लोकांना त्यात पुढच्या बंडाची चाहूल लागली. मिलेने मात्र कुणाची मूठ उगारलेली दाखवली नव्हती.

चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पडद्यावर बघणार असाल तर शक्य तितकं मोठं करा, आणि सुरुवात त्या कमरेवरच्या हातापासून करा.