‘फ्री’ सर्व्हिसचं बिल 2148 रुपये: यातले किती परत मागता येतील?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहतो. नवी 125 सीसी मोटरसायकल घेतली आणि 27 व्या दिवशी, 612 किलोमीटरवर, जिथून घेतली त्याच डीलरकडे पहिली फ्री सर्व्हिस केली. गाडी देताना ‘ऑईलचे चारशे-साडेचारशे होतील’ असं तोंडी सांगितलं. संध्याकाळी बिल आलं ते असं : इंजिन ऑईल 1 लिटर 420, ड्रेन वॉशर 10, कन्झ्युमेबल्स 90, इंजिन ट्रीटमेंट 350, टेफ्लॉन कोटिंग 700, लेबर 250, एकूण 1820, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2148 रुपये. ट्रीटमेंट आणि टेफ्लॉन मी सांगितलेलं नव्हतं. पैसे भरल्याशिवाय चावी देत नव्हते, म्हणून यूपीआयने भरले. कूपनही फाडून घेतलं. तक्रार केली तर ‘वॉरंटीला प्रॉब्लेम येईल’ म्हणाले. रिकामा ऑईलचा डबा मी मागून घेतला आहे, त्यावर एमआरपी 420 छापली आहे. मी काय करू शकतो?

उत्तर : तो डबा सांभाळून ठेवा आणि आजच त्याचा फोटो काढा. एमआरपी, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख स्पष्ट दिसू दे. तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

आधी ‘फ्री’ म्हणजे काय ते बघू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. दुचाकीच्या फ्री सर्व्हिसमध्ये सहसा फक्त मजुरी माफ असते. ऑईल, फिल्टर, वॉशर, ग्रीस यांचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात आणि सर्व्हिस बुकलेटच्या कूपनवर बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. पहिल्या सर्व्हिसला ऑईल बदलणं टाळू नका. नव्या इंजिनात पिस्टन रिंग, सिलिंडर, गिअर एकमेकांवर घासून बसत असतात, त्याचा बारीक धातूचा कीस ऑईलमध्ये उतरतो आणि तेच ऑईल क्लचमधूनही फिरतं. म्हणून ऑईलचे पैसे रास्त आहेत. वॉशरचेही रास्त आहेत. ड्रेन बोल्टचा जुना वॉशर दाबला गेलेला असतो. तोच परत लावला की ऑईल झिरपतं, मग ते थांबवायला बोल्ट जास्त आवळला जातो आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे आटे जातात.

आता बिल ओळीने घेऊ.

ऑईल. डब्यावर एमआरपी 420 आहे. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत. डीलरने 420 ही मूळ किंमत धरून त्यावर 75.60 रुपये जीएसटी लावला आणि तुमच्याकडून 495.60 घेतले. हे सरळ बेकायदा आहे. बिलावर करपात्र किंमत 355.93 आणि कर 64.07 असं दिसायला हवं होतं, बेरीज 420. पॅकबंद वस्तू छापील किमतीहून जास्त दराने विकायला वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियम, 2011 च्या नियम 18(2) ने बंदी आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(6) नुसार पॅकवर दाखवलेल्या किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणी हे तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे. ऑईल बॅरलमधून सुटं घातलं असतं तर हा मुद्दा इतका सोपा राहिला नसता, कारण सुट्या ऑईलवर एमआरपी छापलेली नसते. मॅन्युअलमध्ये ऑईलचं माप कुठे आहे तेही बघून ठेवा. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक नुसतं ऑईल बदलताना आणि दुसरा इंजिन पूर्ण उघडल्यावर. या वर्गातल्या गाड्यांना बदलताना साधारण 800 मिली ते 1 लिटर लागतं. मॅन्युअल 900 म्हणत असेल तर उरलेलं 100 मिली तुमचं आहे.

लेबर. माझ्या मते सर्वांत गंभीर ओळ हीच. कूपन फाडून घेतलं म्हणजे डीलरने ही सर्व्हिस फ्री म्हणून नोंदवली. फ्री सर्व्हिसची मजुरी डीलर साधारणपणे कंपनीकडून क्लेम करून घेतो आणि त्या क्लेमचा आधार तुमचं कूपनच असतं. म्हणजे एकाच कामाचे पैसे तुमच्याकडून 295 (करासह) आणि पुन्हा कंपनीकडून, असं घडलं असण्याची दाट शक्यता आहे. हे डीलर तुमच्यापुढे कबूल करणार नाही, पण कंपनीकडे नोंद असते. म्हणून पत्रात कंपनीला नेमका एकच प्रश्न विचारा : ‘माझ्या चासिस नंबरवर पहिल्या फ्री सर्व्हिसचा लेबर क्लेम आला आहे का, कोणत्या तारखेला?’ अशा प्रश्नाला कंपनीचा ग्राहक विभाग सहज टाळाटाळ करू शकत नाही, कारण यात पैसा कंपनीचाही गेलेला असतो.

इंजिन ट्रीटमेंट आणि टेफ्लॉन, करासह 413 आणि 826. मॅन्युअलमधला पीरिऑडिक मेंटेनन्सचा तक्ता उघडा. पहिल्या सर्व्हिसच्या रकान्यात ऑईल, चेनचा ताण, ब्रेक, क्लच केबल, टॅपेट क्लिअरन्स, नट-बोल्ट घट्ट करणं अशा गोष्टी सापडतील. ‘ट्रीटमेंट’ तिथे नसेल तर त्या पानाची झेरॉक्स पुराव्याला लावा. ही बाब केवळ पैशाची नाही. मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणूनच डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ ही, ऑईल अशा क्लचला चालतं असं सांगणारी खूण पाहायची असते. घर्षण कमी करणारं बाहेरचं रसायन त्यात गेलं तर क्लच घसरू शकतो. तुमच्या इंजिनात नेमकं काय घातलं, त्या उत्पादनाचं नाव डीलरकडून लेखी मागा. उद्या क्लचची तक्रार आली तर हा कागद लागेल.

डीलर म्हणेल, ‘काम तर झालंय, तुम्हाला फायदा मिळाला, मग पैसे द्यायला हवेत.’ भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 मध्ये तसं एक तत्त्व आहे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल प्रकरणात स्पष्ट केलं आहे की समोरच्याला ती गोष्ट नाकारण्याची संधी असायला हवी आणि त्याने ती स्वेच्छेने स्वीकारलेली असायला हवी. गाडी वर्कशॉपच्या आत, तुम्ही बाहेर आणि कोटिंग लावून झाल्यावर बिल हातात. यात नाकारायची संधी कुठे होती?

इथे एक अडचण मात्र येऊ शकते : जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना करायची कामं लिहून तुमची सही घेतात तो कागद. तुम्ही सही केलेल्या जॉब कार्डच्या खाली ‘आवश्यक वाटतील ती सर्व कामं करण्यास माझी संमती’ अशी ओळ छापलेली असू शकते. सहीच्या वरच्या रकान्यात हाताने काय लिहिलंय ते महत्त्वाचं. तिथे ‘फर्स्ट फ्री सर्व्हिस’ एवढंच असेल तर तुमची बाजू मजबूत आहे. ‘टेफ्लॉन’ लिहिलेलं असेल आणि शाई किंवा अक्षर वेगळं वाटत असेल, तर तुमच्याकडची कार्बन कॉपी आणि त्यांची मूळ प्रत शेजारी ठेवून बघा. कॉपी दिली नसेल तर आजच ईमेलने मागा. छापील ओळ ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्द करून मागायचा मोह टाळा. तो विषय राज्य ग्राहक आयोगाच्या अधिकारात येतो आणि एवढ्या रकमेसाठी तिथे जाणं परवडणार नाही. जिल्हा आयोगापुढे अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी, म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याची कलमं 2(47) आणि 2(11), एवढ्यावरच उभे राहा.

कन्झ्युमेबल्सचे 106.20 रुपये मी संशयाच्या खात्यात ठेवतो. चेन ल्यूब, ग्रीस, कॉटन वेस्ट यांचं काहीतरी धरलेलं असतं. तपशील मागा. पटण्यासारखा आला तर सोडून द्या.

हिशेब असा होतो : ऑईल 420 आणि वॉशर 11.80, एकूण 431.80 रास्त. हा आकडा तुम्हाला सुरुवातीला सांगितलेल्या ‘चारशे-साडेचारशे’त अगदी चपखल बसतो, हे पत्रात जरूर लिहा. परत मागायचे 1609.60, कन्झ्युमेबल्स धरले तर 1715.80.

चावी अडवून ठेवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम 170 नुसार, ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च करून ठरलेलं काम केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणून वर्कशॉपमध्ये हुज्जत घालून गाडी तशीच सोडून येणं चूक ठरलं असतं. तुम्ही पैसे भरून गाडी आणली ते बरोबर केलं. पण हा हक्क न सांगितलेल्या कामाच्या पैशांना लागू होत नाही, आणि दबावाखाली दिलेली रक्कम परत करावी लागते हे त्याच कायद्याच्या कलम 72 मध्ये आहे. फक्त तुम्ही ते पैसे राजीखुशीने दिले नव्हते हे कागदावर यायला हवं. अजून ईमेल पाठवला नसेल तर आज पाठवा, उशीर जितका वाढेल तितका हा मुद्दा पातळ होतो.

ईमेल डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एकत्रच जाऊ द्या. बिल क्रमांक, चासिस नंबर, किलोमीटर, वरचा हिशेब, ‘रक्कम निषेधासह भरली’ हे वाक्य, क्लेमचा प्रश्न आणि 15 दिवसांची मुदत. रागाची विशेषणं घालू नका. हे पत्र पुढे आयोगापुढे तुमचा पुरावा म्हणून वाचलं जाणार आहे. कंपनी मध्ये आली की अशी बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या. सेवा मोफत आहे, मात्र त्यांचं म्हणणं डीलरवर बंधनकारक नसतं. ऑईलच्या जादा किमतीची तक्रार वेगळी करा, जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकांकडे, डब्याचा फोटो आणि बिल जोडून. तिथे दंडाची कारवाई डीलरवर होते. तुमचे 75.60 रुपये त्यातून परत येतील असं नाही, पण आयोगापुढे त्या कारवाईचा कागद उपयोगी पडतो. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यायच्या मागे लागू नका. बिलाचा वाद म्हणून ते तुम्हाला परत पाठवण्याची शक्यता जास्त.

15 दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) 1 डीलर, सामनेवाला 2 कंपनी. ‘डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, आमचा संबंध नाही’ असं उत्तर कंपनीकडून येईल. पण कूपन कंपनीच्या नावाने छापलेलं आहे, आणि क्लेमची नोंद आयोगाने मागवावी असा अर्जही तुम्हाला देता येतो. सोबत जोडा : बिल, जॉब कार्ड, यूपीआयची पावती, कूपनचा उरलेला तुकडा, मॅन्युअलचं पान, डब्याचे फोटो, ईमेल आणि प्रतिज्ञापत्र. मागणीत परतावा, व्याज, तक्रारीचा खर्च आणि मनस्तापाची माफक रक्कम ठेवा. 1700 रुपयांच्या वादात 2 लाखांची भरपाई मागितली की पूर्ण तक्रारच अतिरंजित दिसते. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15 मिळतात. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. दाखल करायची मुदत घटनेपासून दोन वर्षं.

वॉरंटीची धमकी पोकळ आहे. वॉरंटी कंपनी देते, तिच्या अटी बुकलेटमध्ये छापलेल्या असतात, आणि ‘ग्राहकाने तक्रार करू नये’ अशी अट त्यात नसते. ठरलेल्या दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत केंद्रात सर्व्हिस करणं ही अट मात्र असते. म्हणून रागाच्या भरात दुसरी सर्व्हिस चुकवू नका. याच डीलरकडे जायला मन होत नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत केंद्राला आधी फोन करून कूपन चालेल याची खात्री करा. तिथे जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहा : ‘फक्त मॅन्युअलच्या तक्त्यानुसार फ्री सर्व्हिस. इतर कोणतंही काम माझ्या लेखी होकाराशिवाय करू नये. जुने सुटे भाग आणि ऑईलचा डबा परत द्यावा.’ मग फोटो काढा, आणि त्यानंतरच चावी द्या.