जखमेत पू कोणत्या जिवाणूमुळे होतो? औषध काय घ्यावं?

बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. अनेकांच्या नाकात, कातडीवर तो एरवीही मुक्कामाला असतो; जखम झाली की आत शिरतो आणि घट्ट पिवळा पू करतो. पू कमी, पण लाली भराभर पसरतेय, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय. पट्टीवर हिरवट डाग आणि गोडसर वास असेल तर स्यूडोमोनास. भाजलेल्या जखमांतला हा नेहमीचा पाहुणा.

पू साठला असेल तर तो काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. घरात उरलेली अमॉक्सिसिलिन तर नकोच, बहुतेक स्टॅफिलोकॉकस तिला पचवून टाकतात. डॉक्टर सहसा सेफालेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिन देतात. फरक पडेना तर पू कल्चरला, म्हणजे कोणता जिवाणू आहे ते पाहणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला, पाठवतात. (आणि हो, धनुर्वाताच्या इंजेक्शनने पू थांबत नाही.) ताप आला किंवा जखमेपासून लाल रेघ वर चढू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.