कपाटातलं जुनं मानक

नवं सत्र सुरू झालं की माझ्या टेबलावर दरवर्षी तेच प्रश्न येतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभियांत्रिकीची पुस्तकं कोण निवडतं, आणि मी सुचवलेलंच का आलं नाही? एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून यंदा सगळ्यांना एकत्रच उत्तरं.

मी सुचवलेलं पुस्तक तीन महिन्यांत आलं नाही. अर्ज ग्रंथालयात हरवला का? (विद्यार्थिनी, फोंडा)

हरवला नाही, बहुधा पोचलाच नाही. आमच्याकडे शिफारस विषयशिक्षकांच्या सहीने विभागप्रमुखांकडे आणि तिथून ग्रंथालय समितीपुढे येते. पुस्तक आधीपासून आहे का, अभ्यासक्रमात बसतं का, किती जणांना लागेल, हे पाहून मागणी निघते. या कामाला आठवडे पुरतात. महिने जातात ते सहीची वाट बघण्यात. मग फेब्रुवारीत सगळ्या विभागांच्या याद्या एकदम येऊन आदळतात, कारण 31 मार्चला निधी संपवायचा असतो. घाईत घेतलेली पुस्तकं पुढे कोणी उघडत नाही. शिक्षकांना भेटून गणेशचतुर्थीआधी यादी पाठवायला सांगा.

परीक्षेच्या गाईडच्या प्रती वाढवाल का?

नाही.

जर्नल्स ऑनलाइन फुकट मिळतात म्हणे, मग पुस्तकांवर खर्च कशाला? (पालक, डिचोली)

फुकट नाहीत, पैसे सरकार भरतं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिकं. लाभ केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना. खासगी महाविद्यालयांनी ते गृहीत धरू नये. शिवाय ही शोधनिबंधांची सोय आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बीममधलं नमन आघूर्ण (बेंडिंग मोमेंट, म्हणजे भार बीमला किती वाकवू पाहतो त्याचं माप) शिकायला पाठ्यपुस्तकच लागतं.

विक्रेता 'नवी सुधारित आवृत्ती' 40 टक्के सवलतीत देतोय. घ्यावी का? (प्राध्यापक, मडगाव)

सवलत बघू नका, शीर्षकपानाची मागची बाजू बघा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक असतो. मुखपृष्ठ बदलून जुना माल खपवणारे पुष्कळ. पोलाद संरचनेचं पुस्तक असेल तर आत आयएस 800 चं, म्हणजे पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाचं, वर्ष शोधा. 2007 ऐवजी 1984 दिसलं तर पुस्तक परत करा. शंका असेल तर मागणी देण्याआधी एक प्रत आमच्याकडे पाठवा.

वडील बांधकाम खात्यात अभियंता होते. त्यांची चार खोकी पुस्तकं द्यायची आहेत, ग्रंथालय टाळाटाळ का करतं? (वाचक, म्हापसा)

तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण ही खोकी पाहिली की मला धडकी भरते, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456. त्याच्या 1978 च्या आवृत्तीत सळई घातलेल्या काँक्रीटला एम15 दर्जा चालत होता (आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). 2000 च्या आवृत्तीत किमान एम20 झाला, आणि किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामाला किमान एम30, पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45 पर्यंतच. आता जुनं पुस्तक मी मांडणीत ठेवलं. विद्यार्थ्याने त्यातलं सोडवलेलं उदाहरण उतरवलं, तर गुण जातील, जाऊ देत. पण तोच मुलगा उद्या कळंगुटला साइटवर उभा राहतो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड कमी दर्जाच्या काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि सज्जाचा गिलावा खाली येतो. 'आमच्या वेळी असंच करायचे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! त्या वेळी ते बरोबर होतं, आज नाही.

म्हणजे जुनं सगळं रद्दीत घालायचं का? मुळीच नाही. 1985 ची इमारत तपासणाऱ्याला तेव्हाचं मानक लागतंच. म्हणून आम्ही अशी मानकं 'कालबाह्य' शिक्का मारून वेगळ्या कपाटात ठेवतो, घरी देत नाही. चालू मानकं भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवता येतात, दुरुस्तीपत्रकंही बघा. ओळखीच्याने पाठवलेल्या व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर विसंबू नका. आणि हे वाचून कोणी स्वतःच्या घराचा स्लॅब ठरवायला बसू नये, त्यासाठी नोंदणीकृत संरचना अभियंता गाठा.

तर खोकी आणू नका, आधी यादी आणा. नावं, आवृत्ती, वर्ष. बुरशी धरलेलं एक पुस्तकही नको. आमच्या पावसात ती शेजारच्या पुस्तकांवर पसरायला वेळ लागत नाही.

मुलाला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. घरी कोणती पुस्तकं विकत घेऊ? (आई, वास्को)

आत्ता कोणतीच नाही. पहिले दोन आठवडे त्याला वर्गात बसू द्या, मग शिक्षकांनी दिलेली यादी घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. त्याला एकट्यालाच.