त्या आजोबांना खरं कुणी सांगितलंय का?

राउंडला गेलं की ‘चालते व्हा’ म्हणून अंगावर येणाऱ्या कॅन्सरच्या आजोबांबद्दल तुम्ही वॉर्डातले डॉक्टर म्हणून लिहिलंय आणि काय करावं विचारलंय, ते वाचून माझा जुना वॉर्ड डोळ्यांपुढे आला. आवाज चढवू नका वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते.

माझे पेशंट निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. मुलाने व्हरांड्यात गाठून हात जोडले, ‘मॅडम, बाबांना सांगू नका, खचतील.’ मी मान डोलावली. तिथेच चुकले. तीन आठवडे ‘सूज आहे, उतरेल’ म्हणत राहिले. ते चहा गार म्हणून सिस्टरवर, उशी नीट नाही म्हणून बायकोवर खेकसायचे. एकदा स्टीलचा पेला भिंतीवर आपटला, तर मी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं. शेवटी एका रात्री मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले, तेव्हा ते म्हणाले, ‘ब्रेक लागत नाही हे ड्रायव्हरच्या पायाला आधी कळतं. तुम्ही मात्र सगळ्या प्रवाशांना सांगितलंत आणि मला नाही.’ त्यांना धाकट्याच्या नावे जमिनीचे कागद करायचे होते. चौथ्या दिवशी ते गेले. कागद तसेच राहिले.

म्हणून माझं ठाम मत: आधी त्यांनाच विचारा, ‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?’ नको म्हणाले तर नको. पण ते त्यांनी ठरवायचं, मुलाने नाही. आणि बसून विचारा.

मी फिजिशियन आहे, पॅलिएटिव्ह केअरची (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) तज्ज्ञ नाही, तरी एक सांगते. राग अचानक आला असेल, रात्री वाढत असेल, तर आधी डिलिरियम, म्हणजे आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक आलेला मानसिक गोंधळ, आहे का बघा. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड, सगळं तपासा. आणि वेदना! मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या परवान्यासाठी एका कार्यालयात मी इतक्या खेपा घातल्या की अजून संताप होतो. दर वेळी नवा कागद, आणि इकडे माणूस कण्हतोय. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते बरंच सोपं झालंय, तेव्हा तुमच्याकडे मॉर्फिन नसेल तर वरिष्ठांच्या मागे लागा. सुरू केलंत तर त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला द्या.

मुलावर चिडू नका, तो घाबरलेला असतो. त्याच्याशी आजच बोला, फक्त खोलीच्या दाराशी नको. आतल्या माणसाला ती कुजबुज ऐकू येते.