मायक्रोस्कोपमधून पेशी पाहिल्या, पण पुस्तकातल्या आकृतीसारखं काहीच का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की कांद्याचा पापुद्रा आणि गालाच्या आतल्या पेशी ४०० पट मोठ्या करून पाहिल्या, पण तंतुकणिका, अंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड या पेशीतल्या बारीक भागांतलं काहीच सापडलं नाही. मग २००० पटींचा मायक्रोस्कोप घ्यावा का? माझं स्पष्ट मत: घेऊ नका. तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये काही खोट नाही.

पुस्तकातली ती आकृती कुणालाच एका नजरेत दिसलेली नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे दाखवले ते रिकामे होते, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. केंद्रकाला नाव मिळालं १८३१ साली, रॉबर्ट ब्राउन ऑर्किडच्या पेशी तपासत होता तेव्हा. अंतर्द्रव्यजालिका तर १९४५ साली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी आल्यावर दिसली. पावणेतीनशे वर्षांत वेगवेगळ्या साधनांनी जे जे टिपलं ते एका चित्रात एकत्र काढलंय, एवढंच.

प्रकाशाची स्वतःचीच एक मर्यादा आहे. एर्न्स्ट आबेने ती १८७३ साली मांडली. दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा कमी झालं, की भिंग कितीही चांगलं असो, ते एकच दिसतात. म्हणून १०००-१२०० पटींच्या पुढे चित्र फक्त फुगतं, नवा तपशील येत नाही. पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, जाडी ७-८ नॅनोमीटर, म्हणजे या मर्यादेच्याही पंचविसाव्या हिश्श्याएवढी. गालाच्या पेशीभोवती आपण जी दुहेरी रेघ काढतो ती डोळ्यांनी पाहिलेली नसते, पाठ केलेली असते. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. दिसलं तेवढंच काढा, भले ती वाकडीतिकडी कड आणि मध्ये एक ठिपका असेल.

पण पेशीपटल आहे हे त्याच साध्या मायक्रोस्कोपवर पटवून घेता येतं, आणि हा प्रयोग तुम्ही कराच. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा सोला. आयोडीन लावू नका, कारण त्याने पेशी मरतात आणि पुढचं काहीच घडत नाही. आधी साध्या पाण्याच्या थेंबात बघा. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळ्या रसाने भरलेली दिसेल. मग कव्हरस्लिपच्या (वर झाकलेल्या पातळ काचेच्या) एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (१०० मिलिलीटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ पुरतं) आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांत, मग सगळीकडून, आणि शेवटी आयताकृती चौकटीत एक गोळा उरतो. यालाच रससंकोच म्हणतात. पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पतिपेशीची बाहेरची कडक भिंत, जागची हलत नाही, मीठ तिच्यातून आरपार जातं. जांभळ्या गोळ्याची जी गुळगुळीत कड दिसते तिथे पेशीपटल आहे. ते पाणी जाऊ देतं, रंग आत धरून ठेवतं. फार उशीर न करता पुन्हा साधं पाणी सोडलंत तर पेशी परत भरतात. भित्तिका आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कुठल्याही आकृतीपेक्षा या एका स्लाइडने नीट समजलं.

गालाच्या पेशींना भित्तिका नाही, हरितलवक (हिरवे दाणे) नाहीत, मोठी रिक्तिका (रसाची पिशवी) नाही; त्या जवळजवळ पारदर्शक असतात. तिथे अडचण आकाराची नसून उठावाची आहे. त्यामुळे मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी छोटा थेंब लावा, केंद्रक गडद निळं उठून येईल. आणि स्टेजखालचा डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद करा. बहुतेक जण प्रकाश पूर्ण सोडतात, आणि त्या झगझगाटात पेशी हरवून जाते. अर्थात फार बंद केलात तर बारकावे जातात, तेव्हा सरकपट्टी हळूहळू फिरवत मधली जागा शोधावी लागते. सुरुवात नेहमी १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडजवळच्या भिंगाने) करा. काळीकुट्ट जाड कड असलेलं गोल वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे.

शेवटी एक जिवंत पान बघा. हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान जेमतेम दोन पेशींच्या थरांचं असतं, कापावं लागत नाही, रंगही नको. पाण्याच्या थेंबात ठेवून दिव्याच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मधल्या शिरेजवळच्या पेशींवर ४०चं ऑब्जेक्टिव्ह (१०च्या नेत्रभिंगासोबत एकूण ४०० पट) लावा. हरितलवकांचे हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतील. पेशीद्रव्य त्यांना वाहून नेत असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फोकसच्या चाकावरचा हातही काढला नव्हता, प्रवाह थांबेल अशी भीती वाटत होती. छापील आकृतीत हे हलणं कधीच येत नाही, आणि त्यासाठी ४०० पट पुरेसं आहे.