‘वैयक्तिक कारणास्तव’

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, "काका, ते स्वतःहून बोलावतायत." जुन्या मॅनेजरचा मेसेज वाचून दाखवताना तुझा आवाज सुखावला होता. सुखावणारच. पण ती नोकरी सोडली का होतीस, हे विचारल्यावर तुला धड सांगता येईना. तेव्हापासून मला चैन नाही.

राजीनाम्यात काय लिहिलं होतंस? ‘वैयक्तिक कारणास्तव’. सगळेच लिहितात. मीही लिहिलं होतं. खरं कारण असं, की माझा मॅनेजर दोन वर्षं माझं काम स्वतःच्या नावावर खपवत होता. तीन वर्षांनी तिथूनच बोलावणं आलं. तोवर ते कारण माझ्याच मनात पुसट झालं होतं, आणि कागदावर तर ते कधी आलंच नव्हतं. पगार चांगला देत होते, गेलो. पहिल्या दिवशी कपाटात एक जुनी फाइल सापडली, पाठीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच चिकटलेली. भरून आलं गं. दुसऱ्या महिन्यात माझा रिपोर्ट त्याच माणसाच्या नावाने वर गेला. अकराव्या महिन्यात पुन्हा राजीनामा, आणि पुन्हा तेच दोन शब्द.

म्हणून म्हणतो, खरं कारण लिहून काढ. स्वतःपुरतं लिही, पण खरं लिही. मग बघ, ते कारण तिथून गेलंय का? माणूस बदलला, पद्धत बदलली, की नुसता पगाराचा आकडा बदलला?

आणि ते स्टीव्ह जॉब्जचं उदाहरण मला देऊ नकोस. १९८५ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख असलेल्या ज्या जॉन स्कलींशी बिनसून त्याने ॲपल सोडली, ते १९९३ मध्येच तिथून गेले होते. जॉब्ज परतला १९९७ मध्ये, तोही मधल्या काळात काढलेल्या स्वतःच्या नेक्स्ट कंपनीत घडवलेली कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन. कारण उरलं नव्हतं आणि हात रिकामे नव्हते. तुझं काय?

पद कोणतं, कोणाच्या हाताखाली, प्रोबेशन पुन्हा लागणार का, मागची वर्षं धरणार का, हे सगळं लेखी घे. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून राहू देऊ नकोस. तुझ्या मागून आलेले आता तुझ्या वर असतील, तेही आधीच पचवून ठेव.

नंतर मला आणखी एका जुन्या ठिकाणाहून विचारणा आली होती. तिथली नोकरी मी रात्रपाळीपायी सोडली होती आणि ती रात्रपाळी बंद झालेली होती. म्हणजे माझ्याच हिशेबाने मी जायला हवं होतं. नाही गेलो. घरचे अजून हट्टी म्हणतात. म्हणू देत. एकदा तसं पोळल्यावर माणसाला नाही म्हणायचा हक्क असतो, आणि मी तो वापरला. चुकलो असेन तर माझं मी चुकलो. तू अजून पोळलेली नाहीस, तुला माझा नकार उसना घ्यायचं कारण नाही.

त्यांना आठवडाभर थांबायला सांग. खरंच तू हवी असशील तर थांबतील. रविवारी येशील तेव्हा तो कागद आण. मी हातात घेणार नाही, तूच मोठ्याने वाच.

तुझा,
काका