गुन्हा कबूल केला की प्रकरण मिटतं का?

प्रश्न : नाकाबंदीत दारू तपासायच्या मशीनवर ८४ आकडा आला. अपघात नाही, पहिलीच वेळ. कोर्टात जाऊन ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरून टाकू का?

उत्तर : हे सिग्नल तोडल्याचं ई-चलान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात, जागेवर दंड भरून तडजोड होत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावंच लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावर सुटाल याची हमी नाही.

आधी कागद मागा. मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवरची वेळ, आकडा, तुमचं नाव आणि सही पंचनाम्याशी जुळते का, हे वकिलाला दाखवा. लोक इथेच घाई करतात. कबुली तुमच्याच शब्दांत नोंदवली जाते. तिच्यावरून शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा कायदेशीरपणा एवढ्यापुरतंच उरतं. ‘मी प्यायलोच नव्हतो’ हे मग सांगता येत नाही.

आरोपपत्रातली सगळी कलमं वाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं, सोबत लावलं असेल तर सरसकट ‘कबूल’ म्हणू नका.

कागद चोख आणि आकडा ८४ असेल, तर कबुली देऊन पहिला गुन्हा, कुटुंबाची जबाबदारी सांगत सौम्य शिक्षा मागणं आम्हाला रास्त वाटतं. मात्र दोषसिद्धी नोंदीवर राहते, लायसन्स निलंबित होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.